वातीच्या कापसाचा फिल्टर

दादा,

तू गेल्यानंतरचा जलदानाचा विधी काल झाला. वस्तीतल्या मांडवात बसायला जागा उरली नव्हती. अमरावतीच्या मोटार अड्ड्यावरचे झाडून सगळे ड्रायव्हर आले होते आणि प्रत्येकाला तुझ्याबद्दल काहीतरी सांगायचं होतं. शेवटी गफ्फारभाई उठला, तुझ्या बरोबरीनं अकोला-अमरावती रस्त्यावर ट्रक चालवणारा. आपल्याला भाषण येत नाही, असं आधी सांगून तो बराच वेळ बोलला.

"किसनभाऊनं आमाले गाडी नाई शिकवली. गाडी तं सारेच चालवते. त्यानं आमाले फिल्टर पारखाले शिकवलं. जुन्या गाडीचा जीव फिल्टरमंदी असते, असं म्हने तो. अन् या मानसानं उभ्या जिंदगीत खराब फिल्टर टाकून गाडी रस्त्यावर काढली नाई."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी नाही हलवली. माझ्या शेजारी माय बसली होती, तिनंही नाही हलवली. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! काढली होतीस तू खराब फिल्टरवर गाडी. एकदाच काढलीस, पण काढलीस. आणि त्या गाडीत माय बसली होती.

मलाही बोलायला सांगत होते. तुझी लहान बहीण, शाळेत मास्तरीण, म्हणजे चांगलं बोलेल असं त्यांना वाटलं असणार. मी नको म्हटलं. चारचौघांत बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. होतं ते भांडण होतं, तुझं नि माझं, आणि ते अर्धं टाकून तू गेलास. उरलेलं अर्धं आता मला एकटीला भांडायचं आहे. तू मध्ये बोलू शकणार नाहीस, ही एकच सोय.

चांगलं आहे ते आधी सांगते, म्हणजे नंतर कुणी मला कृतघ्न म्हणायला नको. लष्करातली ड्रायव्हरी संपवून तू हिवरखेडला परत आलास, ते लिलावात निघालेला लष्कराचा जुना ट्रक घेऊन. हिरव्या रंगाचे पोपडे उडालेले, एक दिवा फुटलेला. तू तिला म्हातारी म्हणायचास. म्हातारी हिवरखेडहून अकोटच्या जिनात, सरकी काढायला, कापूस न्यायची, आणि केबिनमध्ये तुझ्या शेजारी पाटी-दप्तर घेऊन मी. अकोटच्या शाळेत मी गेले, मॅट्रिक झाले, ती त्या म्हातारीच्या जिवावर. पोरगी ट्रकात बसून शाळेत जाते म्हणून गाव बोलायचं. मी रडले की तू म्हणायचास, "लोकायच्या तोंडाले फिल्टर नसते व, सुमे. आपनच आपल्या कानाले बसवा लागते." हे मी आजही माझ्या वर्गातल्या मुलींना सांगते. कुणी सांगितलं ते सांगत नाही.

आता त्या दसऱ्याची गोष्ट. छप्पन सालची. नागपूरला धम्मदीक्षा होणार, ही बातमी वस्तीत आली तेव्हापासून मायचं कशात लक्ष नव्हतं. निंदायला जायची, तिथंही तेच. ज्यांच्या हाकेवर सगळे निघाले होते त्यांचा फोटो तिनं एकदाच पाहिला होता, तेल्हाऱ्याला एका भिंतीवर. ती म्हणायची, "त्याईले एकदा डोयानं पाह्यलं, का मंग मी मेली तरी चालते." तू छाती पुढं काढून सांगितलंस की म्हातारी साऱ्यांना नेईल. अख्ख्या वस्तीनं पांढरे कपडे धुऊन वाळत घातले.

निघायच्या आदल्या दिवशी तू मला अकोल्याला घेऊन गेलास. मायसाठी पांढरं लुगडं घ्यायचं होतं, आणि म्हातारीसाठी ऑइलचा फिल्टर. लुगडं लगेच मिळालं. फिल्टरच्या दुकानात मात्र तू शेठच्या डोळ्यांत पाणी आणलंस. त्यानं पुढं केलेला फिल्टर तू हातात तोलून पाहिलास. मग दुकानाबाहेर उन्हात नेलास आणि डोळ्यापुढं धरून फिरवलास. आतल्या कागदाच्या चुण्या सारख्या अंतरावर आहेत का, कुठून उजेड पार होतो का, टोकाला डिंक नीट बसलाय का. रबराच्या कड्यावर नख दाबलंस. नखाचा वण तसाच राहिला. तू मला तो दाखवलास.

"पाह्य. चांगलं रबर असलं तं वन भरून येते. हे तं मातीवानी हाय. गरम झालं का फाटन, अन् तेल गाळल्याबिगर तसंच इंजिनात जाइन."

शेठ वैतागला होता. "अरे भाऊ, सगळ्या गाड्या नागपूरला निघाल्यात. चांगला माल संपला. दोन दिवसांचा तर सवाल आहे, घेऊन जा हाच."

"दोन दिवसाचा सवाल हाय म्हनूनच नाई पायजे, शेठ. गाडीत माही माय बसनार हाय."

हे तू म्हणालास. माझ्या देखत. मला किती अभिमान वाटला होता तुझा!

परत येताना तू मला सगळं शिकवलंस, मी विचारलं नव्हतं तरी. नव्या गाडीचं एक वेळ चालून जातं. जुन्या गाडीच्या पोटात मळ फार. झिजलेल्या लोखंडाचा कीस तेलात फिरत राहतो, म्हणून जुनीला गाळणी नव्यापेक्षा चांगली लागते. चकचकीत डब्याला भुलायचं नाही. जुनीचं जे माप तेच घ्यायचं, थोडं सैल, थोडं घट्ट चालत नाही. आणि शेवटचं, तुझं ठरलेलं वाक्य: "खराब फिल्टरपक्षा बिनाफिल्टरची गाडी बरी." मी विचारलं, मग आता? तू हसलास. म्हातारीच्या फिल्टरचा डबा इंजिनाच्या बाजूला वेगळा होता, त्यातून थोडंच तेल जायचं. तिकडं जाणारी नळी बंद केली की झालं. दोन दिवस म्हातारी फिल्टरवाचून सहज गेली असती. परतताना नागपूरहून चांगला आणू, असं आपलं ठरलं.

म्हणजे तुला माहीत होतं, दादा. दुधानं तोंड पोळल्यावर तू शहाणा झालास, असं कुणालाही वाटेल. ते खोटं आहे. शहाणपण आधीचंच होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

घरी आल्यावर तू अंगणात म्हातारीचं बॉनेट उघडून बसलास. जुना फिल्टर घासलेटात धुऊन पाहिलास, तो हातात फाटला आणि आतला सुताचा काळा गुंता बाहेर आला; जुने फिल्टर कागदाचे नाही, सुताचेच असायचे. तू तो फेकून दिलास आणि नळी बंद करायला घेतलीस. तेवढ्यात माय आली. तिच्या हातात ते मडकं होतं.

तुला ठाऊकच आहे, तरी लिहून ठेवते. पहिल्या वेचणीचा मूठभर कापूस मरीआईच्या दिव्याच्या वातींसाठी बाजूला ठेवायचा, अशी आपल्याकडं चाल होती. माय दुसऱ्याच्या शेतात वेचायला जायची, पण त्या पहिल्या मुठीला शेताचा मालकही आडवा येत नसे. घरी आणून ती एकेक सरकी हातानं काढायची, बोटांनी पिंजायची, काडीकचऱ्याचा कण राहू द्यायची नाही. मग मडक्यात भरून वर फडकं बांधायची. वर्षभर त्याच्या वाती. आपल्याला त्या मडक्याला हात लावायची परवानगी नव्हती.

"किसना," ती म्हणाली, "तुह्या त्या डब्यात कापूसच असते ना रे? मी पाह्यलं आता, तू फेकला तो."

"सूत असते, माय."

"सूत का आभायातून पडते? कापसाचंच असते. घे हा." तिनं फडकं सोडलं. "आता आपल्या घरी देवीचा दिवा लागनार नाई. देवीले नाई लागत, तं मानसाच्या कामी येऊ दे. याच्याहून साफ कापूस तुले अकोल्यात भेटनार नाई."

काय तिचं तोंड फुललं होतं! दीक्षा घ्यायच्या आधीच तिनं आपल्या हातानं काहीतरी नवं केलं होतं. जन्मभर जे देवीचं म्हणून जपलं, ते भीती सोडून लेकाच्या गाडीला द्यायला आली होती. मला ते दिसलं. तुलाही दिसलं असणार.

मी तुझ्या नकाराची वाट पाहत होते. तू तिची गंमत करशील, मडकं परत तिच्या हातात देशील, असं मला वाटलं. कारण ही चूक आपल्या वऱ्हाडातच होणारी आहे, आणि तिच्यावर तूच सगळ्यात जास्त बोलायचास. इकडं जखमेला कापूस, कानात कापूस, गादीत कापूस, मग गाडीच्या पोटात का नको? चार गावचे ड्रायव्हर फिल्टरच्या डब्यात जिनातला कापूस कोंबायचे आणि तू त्यांना शिव्या द्यायचास. पीळ दिलेलं सूत जागा सोडत नाही, मोकळा कापूस तेलात भिजला की तंतू तंतू होऊन निघून जातो, हे मी तुझ्याच तोंडून ऐकलं होतं.

तू मायकडं पाहिलंस, मडक्याकडं पाहिलंस. आणि म्हणालास, "आन, माय."

दोघांनी मिळून डबा भरलात. ती देत होती, तू दाबत होतास. माझ्याकडं तू एकदाही पाहिलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी निघालो. म्हातारी गच्च भरली होती. अकोट मागं पडलं. मागं बाया गाणी म्हणत होत्या, पोरं घोषणा देत होती, आणि केबिनमध्ये तुझ्या-माझ्या मध्ये माय नवं लुगडं नेसून ताठ बसली होती, जणू ट्रकही तीच चालवत होती. अंजनगाव सुर्जी ओलांडलं. त्या गाण्यांत तुला इंजिनाची ठकठक ऐकू आली नाही. तेलाचा काटा खाली पडलेला तुला दिसला तेव्हा उशीर झाला होता. केळीच्या बागेशेजारी म्हातारीनं एक गचका दिला आणि ती जागीच थांबली. जळक्या तेलाचा वास सुटला.

तू खाली शिरलास, इंजिनाखालचं तेलाचं चेंबर सोडवलंस. मी वाकून पाहत होते. तेलपंपाच्या जाळीवर एक काळा, ओला बोळा बसला होता. तू तो ओढून काढलास. बाहेर निघालास तेव्हा माय केबिनमधून उतरत होती. तू तो बोळा खाकी पॅन्टच्या खिशात कोंबलास आणि म्हणालास, "बेअरिंग गेलं. म्हातारीच झाली होती ते." तुझ्या पॅन्टवर तेलाचा डाग पसरत गेला. त्या गर्दीत तो मीच पाहिला.

रस्त्यानं दुसरे ट्रक जात होते, पण आधीच ओसंडून भरलेले. तरण्या माणसांनी त्यांना लटकून जागा मिळवली. काहीजण चालत निघाले. मायचे गुडघे सुजलेले, तिला फळीवर चढता येईना. तिच्याबरोबर आणखी चार म्हाताऱ्या मागं राहिल्या. एका ट्रकमधून कुणीतरी हात पुढं केला तेव्हा मायनं मला ढकललं. "जा तू. नीट पाहून ये, अन् मले सांग." मी गेले.

मी नागपूर पाहिलं. काय पाहिलं ते इथं लिहीत नाही, ते मला मायलाही नीट सांगता आलं नाही. परत आले तर ती ओट्यावर बसलेली, अंगावर तेच लुगडं. तिनं एकच विचारलं, "आवाज कसा हाय व त्याईचा?" मी त्यांचं एक वाक्य म्हणून दाखवायला गेले, तर ते माझ्याच आवाजात निघालं.

डिसेंबरात रेडिओवर ती बातमी आली. ते गेले. मायनं पाहायचं राहिलं ते राहिलंच.

पुढं अकोल्याला दीक्षा झाली तेव्हा मायनं ती घेतली. घरातले देव टोपलीत घालून तिनं स्वतः नदीत सोडले. पण एक देवी तिनं सोडली नाही, किंवा त्या देवीनं तिला सोडलं नाही. मरीआईच्या वातीचा कापूस यंत्रात घातला, म्हणून मरीआईनं केळीच्या बागेपाशी गाडी अडवली, हे तिच्या मनानं घेतलं. कुणी आजारी पडलं की ती हळूच म्हणायची, "त्या कापसाचं तं नसन?"

आणि तू गप्प. वस्ती तुला नावं ठेवत होती तरी गप्प. कुठं बैलगाडी अडली तरी लोक म्हणायचे, किसनाची गाडी झाली का? म्हातारी भंगारात गेली, तू अमरावतीला येऊन दुसऱ्यांचे ट्रक चालवायला लागलास. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहिलास. आणि ज्या ड्रायव्हरला नवा फिल्टर घ्यायचा असेल त्याच्याबरोबर दुकानात जाऊन उन्हात धरून दाखवत राहिलास. पाहणाऱ्यांना वाटलं, केवढा हा नाद!

आपलं खरं भांडण झालं ते तुझ्या मुलीला गोवर निघाला तेव्हा. मी शाळेतून तुमच्याकडं आले. वहिनी पोरीजवळ होती, माय घरात नव्हती. शोधत गेले तर नाल्याकाठच्या निंबाखाली, शेंदूर फासलेल्या एका दगडापुढं बसलेली, पदरानं दिवा झाकून. मला पाहिल्यावर ती चोरासारखी दचकली. माझी माय! जिनं टोपलीभर देव नदीत सोडले होते ती. तिनं दुकानातून विकतचा कापूस आणला होता वातीला, हे पाहून मला जास्त लाज वाटली, का कोण जाणे.

तू अंगणात चाक बदलत होतास. मी तुझ्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आजच्या आज तिले सांग," मी म्हटलं. "कापूस सुटला, जाळीवर बसला, तेल बंद झालं. देवीनं काई केलं नाई."

"मंग?"

"मंग काय? तिची भीती जाईन."

तू पाना खाली ठेवलास. "अन् तिच्या जागी काय येईन, सुमे? माय म्हनन, गाडी माह्या हातानं थांबली. माह्या हातानं मी त्याईले पाह्यलं नाई. अन् माह्यापायी त्या चार म्हताऱ्यायनं बी नाई पाह्यलं. त्यातल्या दोघी मेल्या. देवीवर राग धरून मानूस जगते. सोतावर धरून नाई जगत."

"अन् हे जे दगडापुढं बसून राहिली, हे जगनं हाय? अन् ते भीत भीत मरन त्याचं काय?"

"तिच्या भीतीले मी हाओ ना."

काय उत्तर होतं! भीतीला मी आहे. जसा काही तू कायमचा राहणार होतास. मी तेव्हा ओरडून विचारलं, माहीत होतं तर घेतलास कशाला तो कापूस? नळी बंद करून गाडी चालली असती, तूच म्हणाला होतास. नाही म्हणायला तुझी जीभ झडली होती का?

तू हात पुसलेस आणि पुढच्या चाकाची हवा पाहायला गेलास. मी नंतरही विचारलं. दर वेळी तुला दुसरंच काहीतरी पाहायचं असायचं, कधी टायर, कधी आभाळ.

तू मनानं वाईट होतास, असं मी म्हणत नाही. वाईट असतास तर सोपं होतं. तुझं प्रेम होतं मायवर, पण ते भित्रं होतं. तिचं फुललेलं तोंड पाच मिनिटं तसंच राहावं म्हणून तू तिची जन्माची आस पणाला लावलीस. शेठला नाही म्हणताना तुझा आवाज केवढा होता, आणि मायला नाही म्हणायला एक शब्द निघाला नाही. परक्याचा खराब माल ओळखणं अवघड नसतं, दादा. आपल्या माणसाच्या हातचा परत करायचा, तिथं पारख लागते. ती तुझ्यात नव्हती.

तुझ्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, रक्त गाळलं जात नाही. तुझा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता, तरी तू हसलास. "म्हंजे जुन्या गाडीचा फिल्टर गेला म्हना, डाक्टर. भेटन का कुठी?" डॉक्टरही हसले आणि म्हणाले, तो माल अजून बाजारात यायचा आहे. खाटांवरचे सगळे रोगी हसले. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तुझी चेष्टा मला त्या दिवशी सहन झाली नाही.

मग एका दुपारी तू झोपेत आहेस असं समजून मी तुझे पाय चेपत होते, तर तू डोळे न उघडता बोललास. "सुमे, जवलोक मी हाओ, तवलोक नको सांगू तिले."

"अन् मंग?"

"मंग तू हाये."

झालं. म्हणजे जन्मभर तुला जे जमलं नाही, ते मरताना माझ्या पदरात टाकलंस आणि वर परवानगी दिल्यासारखा आव. मी पाय चेपायचे थांबवले नाहीत, एवढंच.

काल लोक गेल्यावर, दिवस अजून होता, माय मागच्या अंगणात येऊन बसली. अंगावर अकोल्याचं तेच पांढरं लुगडं, इतकी वर्षं पेटीत ठेवलेलं, आता पिवळट पडलेलं. पदराचा काठ बोटांनी चोळत राहिली. मग म्हणाली, "शेवटी नेलाच व त्या मरीआईनं त्याले. मले ठेवलं, अन् त्याले नेलं. कापूस तं म्या देल्ला होता."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. सगळं सांगितलं. मोकळा कापूस तेलात कसा सुटतो, जाळी कशी बंद होते, तेलावाचून लोखंड लोखंडाला कसं चिकटतं. खिशात कोंबलेला बोळा. तुझ्या पॅन्टवरचा डाग. वर्गात शिकवावं तसं शिकवलं तिला, कारण दुसरं कसं बोलावं ते मला कळत नव्हतं. ती रडेल, छाती बडवेल, स्वतःला शिव्याशाप देईल, अशी माझी तयारी होती. तू इतकी वर्षं मला तेच सांगून गप्प ठेवलं होतंस.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किसनाले हे ठाऊक होतं? आधीपासून?"

"होतं, माय."

"अन् कापूस नसता टाकला तं? बिनाकापसाची चालली असती गाडी?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "चालली असती. नागपूरपर्यंत जाऊन परत आली असती."

मायनं मान वर केली. तिच्या तोंडावर भीती नव्हती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. राग होता. साधा, घरातला, आपण लहानपणी पाहिलेला राग. ज्या रागानं ती तुझ्यामागं लाकूड घेऊन धावायची तो.

"मंग घेतला काहून मेल्यानं?" ती म्हणाली. "'नको माय, यानं गाडी बिघडते,' एवढं म्हनता येत नव्हतं त्याले? मी का वाघ होती? मडकं उचललं असतं अन् घरात नेलं असतं!"

आज सकाळी उठल्यापासून तेच चालू आहे. चहा ठेवताना, अंगण झाडताना, मध्येच थांबून ती तुला विचारते, काहून घेतला रे? मरीआईचं नाव तिनं एकदाही घेतलेलं नाही. स्वतःलाही बोल लावलेला नाही. ती फक्त तुझ्यावर चिडली आहे, आणि चिडायला तू नाहीस.

एवढ्याला तू जन्मभर भ्यालास, दादा. केळीच्या बागेपाशी खिशातला तो बोळा काढून दाखवला असतास, तर तिनं तुला तिथंच रस्त्यावर चार शिव्या हासडल्या असत्या, आणि मग लुगड्याच्या पदरानं हात पुसून शिदोरीतली भाकर पुढं केली असती.